कूलरजवळच्या बाकांसाठी

सर म्हणाले, निरोपाचं दोन शब्दांत आटपा.
दोन शब्दांत आपल्यापैकी कोणी
साधी मुदतही मागितली नाही कधी.
तेव्हा हे लिहितेय मूट कोर्टाच्या उरलेल्या कागदांच्या पाठीवर.
पुढच्या बाजूला अपीलकर्ता अजून हरतोच आहे.

तिकारामकाका उईके, तुमच्यापासून.
उमरेडच्या फेरीचा हिशेब डेपोत देऊन
खाकीतच यायचात सहाच्या तासाला,
मांडीवर कातडी बॅग, बॅगेत करार कायदा.
तोंडी परीक्षेत विचारलं, करार म्हणजे काय?
तुम्ही जुन्या गठ्ठ्यातलं एक तिकीट फाडून
टेबलावर ठेवलं. बस्स.
वीसपैकी सतरा.
ते तीन काऊन कापले बाप्पा,
हे तुम्ही परवा तर्री-पोह्याच्या ठेल्यावरही विचारत होता,
तर्री मिशीला लागलेली.

शगुफ्ता, तुझ्या नोट्सवर अर्धा वर्ग पास झाला,
उरलेला अर्धा झेरॉक्स पुसट आली म्हणून गेला.
रविनगरचा झेरॉक्सवाला तुझं अक्षर
बायकोच्या अक्षराआधी ओळखतो.
तू न्यायाधीश होशील. होशीलच.
आम्ही खाली उभे असू, तू वर चष्मा पुसशील,
आणि आम्हाला कळेल, आज तारीख मिळत नाही.

सुगत, भांडखोरा.
तिसऱ्या खिडकीजवळचा पंखा बंद का, म्हणून
तू माहितीचा अर्ज टाकलास, दहाचा स्टॅम्प लावून.
तिसाव्या दिवशी उत्तर: पंखा सुरू आहे.
ते उत्तर तू दोऱ्यानं पंख्यालाच बांधलंस.
दोन उन्हाळे ते तिथंच लटकलं,
पंचेचाळीस डिग्रीत,
तसूभर न हलता.

हितेश जरीपटक्याला बापाच्या दुकानात बसेल.
सनद गल्ल्यामागे, झुलेलालच्या फोटोशेजारी.
आता उधारी नोटीस देऊन वसूल करणार, म्हणतो.
आपली त्यानं कधी लिहिलीच नाही.

इंद्रायणी,
तुझ्याबद्दल लिहू का, असं मी विचारलं होतं.
तू म्हणालीस, लिही, पण रडकं नको.
कौटुंबिक कायद्याच्या तासाला तू विचारायचीस,
सर, समजा एखादी बाई…
आणि ती बाई कोण, ते सगळ्यांना माहीत असायचं.
कूलर तेवढा घरघरायचा.
कोणी मागे वळून बघितलं नाही.
तीन वर्षांत आम्ही सगळ्यांनी मिळून केलेलं
एवढं एकच काम मला नीट आठवतं.
मुदत कायद्याच्या पेपरच्या दिवशी तुझा निकाल लागला,
मुलगी तुझ्याकडे.
तू पेपर दिलास, तीन पुरवण्या घेतल्यास,
मग सांगितलंस.

कितीतरी जण राहिले. कागद संपत आलाय.
पंकज, तुझं ते केकचं प्रकरण
मुदतबाह्य झालं असं समज.

आणि रोल नंबर सत्तेचाळीस.
ज्याचं तोंड कोणी पाहिलं नव्हतं,
हजेरी मात्र आपल्या सगळ्यांपेक्षा चांगली.
काल तो आला. सडपातळ, लाजरा,
बुटीबोरीच्या कारखान्यात दुपारपाळी,
हातात संत्रा बर्फीचा डबा.
म्हणाला, माही हजेरी कोन लावत होतं?
मले त्याले भेटाचं हाय.
सर समोरच बसलेले.
सगळे साक्षीदार छताकडे बघायला लागले,
तिकारामकाका तर बॅगेत सुटे शोधायला लागले.

सरांनी बर्फीचा एक तुकडा उचलला,
खाल्ला, हात रुमालाला पुसला,
खणातून मस्टर काढलं.
म्हणाले, शेवटची घेऊन टाकू.

सत्तेचाळीसला
चार कोपऱ्यांतून चार आवाज आले
सवयीनं,
आणि दाराजवळून, जरा उशिरा,
पाचवा.